३ वॅटचे एलईडी, लॅपटॉपचा जुना अडॅप्टर आणि कामाच्या टेबलावरचा दिवा: ड्रायव्हर लागतोच का?

टेबलदिवा
नमस्कार मंडळी. सोल्डरिंग आणि बारीक ड्रॉइंगच्या कामासाठी टेबलावर एक लांबट दिवा करायचाय. तयार दिवे बघितले पण एकतर उजेड निळसर असतो नाहीतर सगळा एकाच जागी पडतो, म्हणून स्वतःच करतोय. माझ्याकडे ८ हाय पॉवर एलईडी आहेत, ३ वॅटचे, ४००० केल्विन, सगळे २० मिमीच्या स्टार पीसीबीवर (चांदणीच्या आकाराची धातूची चकती) आधीच बसवलेले. सोबत अॅल्युमिनियमची पट्टी आहे, ३ मिमी जाड, ३० सेंमी लांब, ६ सेंमी रुंद, आणि लॅपटॉपचा जुना अडॅप्टर १९ व्होल्ट ३.४२ अँपिअरचा.

माझा हिशोब असा की १९ भागिले ६ म्हणजे ३.१७ व्होल्ट, एका बीडला म्हणजे एका एलईडीला साधारण एवढंच लागतं, मग ६ बीड सिरीजमध्ये लावून सरळ अडॅप्टरला जोडले की झालं, एलईडीला करंट पुरवणाऱ्या वेगळ्या ड्रायव्हर सर्किटचं काम काय? तर ते ६ बीड पट्टीवर ठेवून जोडून बघितले, मध्ये मीटर लावला. सुरुवातीला अर्धा अँपिअर दाखवत होता, उजेड एकदम झकास. पण पट्टी तापायला लागली तसा करंट आपोआप चढत गेला, ०.६, ०.७, ०.८ पर्यंत गेल्यावर मी बंद केलं. आणि गंमत म्हणजे करंट वाढला तरी उजेड तितका वाढल्यासारखा वाटलाच नाही.

प्रश्न तीन. एक, अडॅप्टर खराब आहे का? दोन, रेझिस्टर लावून भागेल का की ड्रायव्हर पाहिजेच? तीन, ही पट्टी हीटसिंक म्हणून पुरेल का? पाकिटावर ५०,००० तास लिहिलंय, तेवढं टिकावं अशी अपेक्षा आहे.

तांबेतार
अडॅप्टर अगदी ठणठणीत आहे, तो बिचारा १९ व्होल्ट द्यायचं काम इमानदारीत करतोय आणि अडचण तिथेच आहे.

एलईडी हा डायोड आहे, बल्बच्या तारेसारखा रेझिस्टन्स नाही, त्यामुळे व्होल्टेज जरासं वाढलं तरी करंट भरपूर वाढतो. ७०० मिलिअँपिअरच्या आसपास एका बीडचं व्होल्टेज ०.१ व्होल्टने हललं तर करंट २००-३०० मिलिअँपिअरने हलू शकतो. ही झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी अशी की बीड तापला की त्याचं फॉरवर्ड व्होल्टेज, म्हणजे चालायला त्याला लागणारं व्होल्टेज, उतरतं, साधारण २ ते ४ मिलिव्होल्ट दर अंशाला. तुमच्याच सेटअपवर हिशोब करून बघा, ३ मिलिव्होल्ट धरा, ६ बीड, चिप ५० अंशांनी तापली, म्हणजे ०.९ व्होल्ट. गार असताना सहा बीडना मिळून १९ लागत होते, आता तेवढ्याच करंटला १८.१ पुरतात, पण अडॅप्टर १९ च देणार, तो कुठे जाणार. ते जास्तीचे ०.९ व्होल्ट करंट वाढवतात, सहा बीडचा मिळून अंतर्गत रेझिस्टन्स ३ ओहमच्या आसपास धरला तर ३०० मिलिअँपिअर वाढले. ०.५ चे ०.८, तुमच्या मीटरने बरोब्बर तेच दाखवलं. वाढलेल्या करंटने आणखी तापणार, तापल्यावर आणखी करंट. पट्टी मोठी असली तर कुठेतरी जाऊन स्थिरावतं, नाहीतर चढत चढत सगळ्यात कमजोर बीड जातो. तुम्ही बंद केलंत ते चांगलं केलंत.

म्हणून व्होल्टेज पक्कं करून भागत नाही, करंट पक्का करायचा, आणि व्होल्टेज जिथे बसायचं तिथे बसू द्यायचं. ड्रायव्हरचं काम एवढंच.

रेझिस्टरने काम होतं पण तुमच्या आकड्यांत फार उष्णता वाया जाईल. ४ बीड सिरीजमध्ये म्हणजे १२.८ व्होल्ट, उरले ६.२, ७०० मिलिअँपिअरला एका ओळीच्या रेझिस्टरमध्ये ४.३ वॅट जळणार, दोन ओळींचे मिळून जवळजवळ पावणेनऊ वॅट. दिव्यातच दुसरी शेगडी पेटवल्यासारखं होईल ते. त्यापेक्षा पीटी४११५ या चिपचे छोटे बक (व्होल्टेज उतरवणारे) ड्रायव्हर बोर्ड मिळतात, ३० व्होल्टपर्यंत इनपुट घेतात, १९ वर आरामात चालतील. दोन घ्या, प्रत्येकावर ४ बीड सिरीजमध्ये. दोन ओळी पॅरलल करून एकाच ड्रायव्हरवर टाकू नका, जिचं व्होल्टेज जरा कमी ती ओळ जास्त करंट ओढते, जास्त तापते, मग व्होल्टेज अजून कमी आणि अजून करंट, वर सांगितलं तेच चक्र.

त्या बोर्डावर करंट मोजणारा एक छोटा सेन्स रेझिस्टर असतो, बऱ्याच बोर्डांवर त्याच्या पाठीवर आर१३० छापलेलं दिसतं, म्हणजे ०.१३ ओहम. करंट म्हणजे ०.१ भागिले तो रेझिस्टर, म्हणून ०.१३ ला ७७० मिलिअँपिअर येतात. तो काढून ०.३ ओहमचा लावला की ३३३ येतात. का लावायचा ते उष्णतावाले सांगतीलच, त्यात मी पडत नाही.

एक नक्की पाळा, आधी एलईडी जोडायचे, मग ड्रायव्हरला सप्लाय द्यायचा. चालू ड्रायव्हरच्या टोकांना एलईडी नेऊन टेकवला की आउटपुट कपॅसिटरवर चढून बसलेलं पूर्ण व्होल्टेज त्याच क्षणी बीडमध्ये रिकामं होतं आणि चिप जाऊ शकते.

उष्णमापी
तांबेतार यांनी करंटचं नीट सांगितलंय, मी पट्टीचं बघतो, कारण माझ्या मते हाय पॉवर एलईडीचं नव्वद टक्के आयुष्य हीटसिंकवर ठरतं, ड्रायव्हर आणि बीड कितीही चांगले आणा.

आधी एक समज पक्का करा. एलईडी गार असतो असं लोक म्हणतात ते उजेडाबद्दल खरं आहे, जुन्या बल्बची बहुतेक उष्णता इन्फ्रारेड होऊन समोर निघून जायची, एलईडीच्या उजेडात इन्फ्रारेड जवळपास नसतंच. पण म्हणूनच त्याची सगळी उष्णता पाठीमागून, धातूतून, वाहून न्यावी लागते, तिला दुसरी वाटच नाही. चांगल्या पांढऱ्या बीडमध्येही विजेचा ३५-४० टक्के भाग उजेड होतो, बाकीची उष्णता. त्यातली थोडी तर फॉस्फरमध्येच तयार होते, कारण आतली चिप निळी असते, ४५० नॅनोमीटरच्या आसपास, तिच्यावरचा पिवळा फॉस्फर निळा फोटॉन घेऊन कमी ऊर्जेचा पिवळा फोटॉन सोडतो आणि मधला फरक तिथेच उष्णता होऊन राहतो.

आता तुमची पट्टी. ८ बीड, ७०० मिलिअँपिअर, ३.२ व्होल्ट, म्हणजे १८ वॅट वीज, त्यातली ११-१२ वॅट उष्णता. पंखा नसेल आणि हवा नुसती आपोआप फिरत असेल तर एक वॅट उष्णतेला अंदाजे ६० चौरस सेंमी उघडा पृष्ठभाग धरायचा. ७०० चौरस सेंमी लागतात. तुमच्या पट्टीच्या दोन्ही बाजू मिळून ३६०. निम्मी. वर मागच्या बाजूला लाकूड किंवा प्लॅस्टिकचं झाकण लावलंत तर १८० च उरले.

आता तीच मांडणी ३५० ला चालवून बघा. व्होल्टेजही जरा उतरून ३ च्या आसपास येतं, ८ बीडचे ८.४ वॅट, उष्णता साडेपाच वॅटच्या आत, लागणारा पृष्ठभाग ३३०. म्हणजे हीच पट्टी पुरते! आणि उजेड निम्मा होतो का तर नाही, ५५-६० टक्के राहतो, कारण करंट वाढवला की हे एलईडी दर वॅटला कमी उजेड देतात, याला ड्रूप म्हणतात, आणि गार चिप गरम चिपपेक्षा जास्त उजेड देते तो फायदा वेगळाच. तुमचा करंट चढला तरी उजेड चढला नाही त्याचं कारणही हेच, ड्रूप आणि उष्णता दोन्ही मिळून.

पाकिटावरचा ३ वॅट हा आकडा चिपला सोसेल ती कमाल मर्यादा आहे, ती पण हीटसिंक उत्तम असेल तर. रोज तेवढ्यावर चालवायचं असं त्याचा अर्थ नाही. उजेड कमी पडला तर बीड वाढवा, करंट नको. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि सांगत राहणार.

बसवताना थर्मल पेस्ट पातळ लावा, अगदी खालचा धातू पुसट दिसेल इतकी. जाड थर म्हणजे अडथळा, पेस्टचं काम फक्त धातूंमधल्या बारीक फटी भरायचं असतं. प्रत्येक स्टारला दोन स्क्रू, समोरासमोर, आणि स्क्रूचं डोकं सोल्डर पॅडला टेकत नाहीये ना बघा, टेकलं तर पट्टीत करंट येतो. भोकं पाडल्यावर कडेला धातूचा जो कीस उभा राहतो तो घासून सपाट करा, नाहीतर स्टार एका बाजूने अधांतरी राहतो आणि वरून बघून कळत नाही.

अजून एक तपासणी, स्वस्त बीडना फार उपयोगी. कधीकधी बीडचा बुडखा स्टारवर नीट सोल्डर झालेलाच नसतो, दोन पाय तेवढे चिकटलेले. ओळखायचं कसं? ड्रायव्हरवर ३५० ला लावा आणि एकेका बीडवर मीटर धरून चालू केल्याक्षणीचं व्होल्टेज आणि मिनिटभरानंतरचं व्होल्टेज लिहून ठेवा. चांगला बीड समजा ३.१२ वरून ३.०५ वर येऊन थांबला, ७० मिलिव्होल्ट म्हणजे २३ अंश वगैरे. त्याच पट्टीवर एखादा ३.१२ वरून २.९५ ला घसरला तर तो आतून ५५-६० अंशांनी तापलाय, बाहेरून पट्टी गार लागली तरी. तो काढून परत सोल्डर करायचा नाहीतर बाजूला ठेवायचा. नेमका गुणांक डेटाशीटमध्ये असतो, पण आपल्याला बीडांची आपापसात तुलनाच करायची आहे, त्यामुळे ३ मिलिव्होल्ट धरून चालतं.

टेबलदिवा
बाप रे, मीटर आणि हिशोब इतका जुळेल असं वाटलं नव्हतं. ३३३ वर चालवायचं नक्की. दोन ड्रायव्हर मागवतो आणि रेझिस्टर बदलतो. मागची बाजू झाकणार होतो, तो बेत रद्द.

पण मग उजेड पुरेल का? आणि उजेड कमी-जास्त करायला नॉब लावता येईल का? टेबलावर छोटं ड्रिल पण चालवतो मी, कोणीतरी म्हणालं की एलईडीखाली फिरतं मशीन वापरू नये, त्यात तथ्य आहे का?

रंगपारखी
ड्रिलचं पूर्ण खरं आहे. मेन्सवरचे बरेच स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, ५० हर्ट्झच्या दुप्पट, आणि फिरण्याचा वेग त्याच्याशी जुळला की ड्रिलचा चक उभा असल्यासारखा किंवा हळू उलटा फिरताना दिसतो. फिरत्या वस्तूला हात लावण्याचा धोका असतो, हलक्यात घेऊ नका. तुमच्या बाबतीत लॅपटॉप अडॅप्टरची डीसी स्वच्छ असते आणि बक ड्रायव्हरची लहर खूप वरच्या फ्रिक्वेन्सीला असते, त्यामुळे पूर्ण उजेडावर काळजी नाही. घोळ होतो तो नॉब लावल्यावर. स्वस्त डिमर पीडब्ल्यूएम वापरतात, म्हणजे दिवा भरभर चालू-बंद करून उजेड कमी करतात, आणि काही तर २०० हर्ट्झवर. आयट्रिपलई या इंजिनिअरांच्या संस्थेचं १७८९ नावाचं मार्गदर्शक आहे, २०१५ चं, त्यात ३००० हर्ट्झच्या वर गेलात की चमकण्याची चिंता करायची नाही असा हिशोब आहे. पीटी४११५ ला तर पीडब्ल्यूएम करायचीही गरज नाही, त्याच्या डिम पिनवर ०.५ ते २.५ व्होल्टमधली साधी डीसी दिली तरी करंट त्या प्रमाणात बदलतो. पोटेन्शिओमीटरने तेवढं व्होल्टेज तयार करा, उजेड न चमकता खालीवर होईल.

आता माझा मुद्दा, जो कोणी काढलाच नाही. सोल्डरिंगसाठी दिवा करताय तर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात तो आकडा, बघितलात का? रेझिस्टरवरच्या ओहम सांगणाऱ्या रंगीत पट्ट्या वाचायच्या तर तपकिरी, लाल आणि नारिंगी एकमेकांपासून वेगळे दिसलेच पाहिजेत, आणि साध्या पांढऱ्या एलईडीची नेमकी तिथेच बोंब असते, निळा भरपूर, पिवळा-हिरवा भरपूर, गडद लाल कमी. पाकिटावर ८० सीआरआय लिहिलेलं असतं ते पहिल्या आठ फिकट रंगांची सरासरी असते, गडद लाल त्यात धरतच नाहीत, तो आर९ म्हणून वेगळा मोजतात आणि ८० सीआरआयच्या बीडचा आर९ शून्याच्या जवळपास असू शकतो. ९० च्या वरचे बीड घ्या आणि डेटाशीटमध्ये आर९ किती दिलाय ते बघा. उजेड दर वॅटला १०-२० टक्के कमी मिळेल, पण रंग ओळखायचे काम असेल तर मी डोळे झाकून ९० वाले घेईन. हातातले ८ बीड कोणते आहेत ते तपासायचं असेल तर तपकिरी आणि लाल पट्टीवाले दोन-चार रेझिस्टर आधी दिवसाउजेडी बघा मग याखाली, फरक लगेच कळेल.

दुसरं सावल्यांचं. ८ बीड म्हणजे ८ सावल्या. सोल्डरिंग आयर्नच्या टोकाची सावली आठ पातळ रेघांत फुटते, एकाशेजारी एक, आणि बारीक पिनांवर काम करताना डोळा भलत्याच रेघेवर जातो. ४० मिमीवर एकेक बीड असेल तर दुधी डिफ्यूझर साधारण तेवढ्याच अंतरावर, ४० मिमी खाली, लावा, म्हणजे ठिपके एकमेकांत मिसळून एक पट्टा दिसतो आणि सावलीची कड मऊ होते. थोडा उजेड डिफ्यूझर खातो, खाऊ दे. शिवाय उघडा बीड डोळ्यासमोर नको, इवल्याशा जागेतून एवढा उजेड येतो की थेट बघणं डोळ्यांना चांगलं नाही.

जुनीसर्किट
वरचं सगळं मान्य, पण एवढ्या खटपटीपेक्षा एक सीओबी घ्या की. एका गोल सब्स्ट्रेटवर चिप्स, वर एकच फॉस्फरचा थर, सावली एक, वायरिंग दोन तारांचं.

५०,००० तासांबद्दल सांगतो. हा आकडा एलईडी बंद पडण्याचा नाही, उजेड ७० टक्क्यांवर उतरण्याचा आहे, एल७० म्हणतात. आणि तेवढे तास कोणी दिवा लावून बसत नाही, एलएम-८० चाचणी कमीत कमी ६००० तासांची असते, तिच्यावरून टीएम-२१ च्या पद्धतीने पुढचा अंदाज बांधतात, तोही चाचणीच्या सहापटीपेक्षा पुढचा सांगायचा नाही असा नियम आहे. सगळं ठराविक तापमानाला. पट्टी तापली तर तो आकडा तुमच्या दिव्याला लागूच नाही. प्रत्यक्षात आधी जातो तो बहुधा ड्रायव्हर, त्यातला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, दर १० अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं. म्हणून ड्रायव्हर बोर्ड त्या तापलेल्या पट्टीवर चिकटवू नका, खालच्या बेसमध्ये ठेवा.

आणि गोंद! डिफ्यूझर चिकटवायला सुपरग्लू किंवा आंबट वास येणारं सिलिकोन वापरू नका. बीडच्या वरचा घुमट सिलिकोनचा असतो, त्यातून वाफ आत शिरते, निळ्या उजेडाने आणि उष्णतेने ती आत काळपट होते आणि बंद डब्यातला नवा कोरा दिवा बघता बघता मंद आणि तपकिरी पडतो. कधीकधी डबा उघडून हवा खेळू दिली की परत साफही होतो, पण त्या वाटेला जायचंच कशाला, स्क्रू किंवा खाचा वापरा. तो घुमट बोटाने दाबायचाही नाही, खालची सोन्याची बारीक तार तुटली की बीड गेला.

उष्णमापी
सीओबी वाईट नाही, पण या कामाला मी नाही म्हणेन. तीच उष्णता अंगठ्याएवढ्या जागेत एकवटते, ३ मिमीच्या पट्टीत ती कडेपर्यंत पसरायच्या आत मधला भाग तापतो, म्हणजे पंखेवाला किंवा पात्यांचा जाड हीटसिंक आला. शिवाय बरेच सीओबी ३६ व्होल्टच्या आसपासचे असतात, १९ वरून वर चढवायला बूस्ट ड्रायव्हर लागणार. सावली एक पडते हे खरं, पण ती कडक पडते आणि हात आडवा आला की कामावर पूर्ण अंधार. लांबट दिव्यात चार बीड झाकले गेले तरी चार उरतात.

गोंदाचं मात्र अगदी योग्य बोललात, ते लोकांना माहीतच नसतं.

टेबलदिवा
दिवसाउजेडी रेझिस्टर घेऊन बसलो होतो, आत्ताच बघितलं. माझ्या बीडखाली तपकिरी आणि लाल खरंच जवळजवळ सारखे दिसतात, नारिंगी तेवढा कळतो. म्हणजे हे ८ बीड दुसरीकडे वापरतो आणि ९० सीआरआयचे १२ आणतो, ४-४-४ अशा तीन ओळी, तीन ड्रायव्हर, सगळे ३३३ वर. पट्टी बदलावी लागेल का? आणि अडॅप्टर पुरेल ना?

उष्णमापी
१२ बीड, ३ व्होल्ट, ०.३३ अँपिअर म्हणजे १२ वॅट. ९० सीआरआयचे बीड जरा जास्त तापतात म्हणून उष्णता ८ वॅट धरा, ४८० चौरस सेंमी लागतील. ३० बाय ६ ची पट्टी कमी पडते, ३० बाय ८ ची घेतलीत तर दोन्ही बाजू मिळून ४८० होतात, पण एकदम काठावर. मी ४० बाय ८ घेईन, ६४०, आणि बीड दोन रांगांत सहा-सहा वाटेन म्हणजे उष्णताही पसरेल. अर्थात दोन बीडमधलं अंतर ६५ मिमीच्या आसपास जाईल, डिफ्यूझर त्या मानाने खाली घ्या.

तांबेतार
अडॅप्टर ६५ वॅटचा आहे, तुमचं सगळं मिळून १४ च्या आत, त्याला कळणारही नाही. तिन्ही ड्रायव्हरचं इनपुट पॅरलल, आउटपुट मात्र पूर्ण वेगळं, तीन ओळींचे मायनस एकत्र बांधू नका. पीटी४११५ मध्ये सेन्स रेझिस्टर प्लसच्या बाजूला असतो आणि स्विच मायनसच्या बाजूला, मायनस जोडले की एका ड्रायव्हरचा स्विच दुसऱ्याच्या ओळीतला करंट ओढतो आणि कुठल्याच ओळीत ठरलेला करंट राहत नाही. डिम पिना मात्र तिन्ही एकत्र करून एकाच पोटेन्शिओमीटरवर चालतील.

पहिल्यांदा चालू कराल तेव्हा दिवा ज्या कोनात वापरणार त्याच कोनात ठेवून तासभर सोडा आणि मधल्या बीडच्या स्टारवर थर्मोकपल लावून तापमान घ्या, पट्टी आडवी असताना खालच्या बाजूची हवा नीट फिरत नाही म्हणून उभी ठेवून घेतलेला आकडा फसवा असतो. खोलीच्या तापमानापेक्षा ३० अंशांच्या आत वर असेल तर डिफ्यूझर बसवा, त्याच्या वर असेल तर आधी मला आकडा सांगा.

टेबलदिवा
४० बाय ८ ची पट्टी, मायनस वेगळे, ड्रायव्हर बेसमध्ये, लिहून घेतलं. आकडा आला की इथेच टाकतो.